कांडीखोलीतला पाहुणा

"हा पाहुणा आत येणार नाही," मी म्हणाले आणि शेडच्या दारात आडवा हात लावून उभी राहिले.

शिंत्रे सर बेळगावहून दोन तास गाडी चालवत आले होते. हातात पुठ्ठ्याचा खोका, खोक्यात उशीचा अभ्रा, आणि अभ्र्याला गाठ मारून आत ठेवलेला त्यांचा बुंदी. सर साठीचे, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, अंगावर घडीचा पांढरा शर्ट. ते बिचारे एकदा माझ्याकडं बघत होते, एकदा माझ्या दिराकडं.

"वैनी, सर आलेत ओ," गजाभावजी हसत म्हणाले. "चहा टाकायचा सोडून दार काय अडवतासा?"

"चहा टाकते की. सर आत येऊ देत. साप नको."

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. आमच्या इचलकरंजीच्या या शेडमध्ये एके काळी बारा माग धडधडायचे. धंदा बसला, माग भंगारात गेले, आणि मोकळ्या शेडमध्ये भावजींनी साप आणले. आपल्याकडचे नव्हेत, परदेशी जातीचे बॉल पायथन. बुटके, जाडसर, बिनविषारी अजगर, भ्यायले की चेंडूसारखे गुंडाळून बसतात. सरकारदरबारी रीतसर नोंद केलेले. साप भावजींचे, शेड माझ्या नावावरची, नवऱ्यामागं वाट्याला आलेली, आणि राबणूक सगळी माझी. भावजींच्या बायकोनं तर पहिला साप आला त्या दिवशी वरचा मजला गाठला तो गाठलाच. एकतीस साप होते. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, लोखंडी मांडणीवर. त्यांच्या अंगावरच्या नक्षीवरून मीच नावं ठेवलेली. इरकल, खण, चौकडा, नारायणपेठ. कोष्ट्याच्या घरातले साप, त्यांना दुसरी कसली नावं ठेवणार?

इरकल माझी लाडकी. काळसर अंगावर सोनेरी काठ, आणि स्वभावानं इतकी गरीब, की ट्रे पुसताना मनगटाला वेढा घालून निवांत बसायची. तिच्यासाठीच सरांचा बुंदी आला होता. या सापवाल्यांत अशी रीत आहे. एकाकडं चांगली मादी असते, दुसऱ्याकडं चांगला नर. हंगामापुरता नर मादीच्या घरी राहायला येतो, पिल्लं निम्मी निम्मी. थंडीचे चार महिने हाच हंगाम.

"वैनी, अहो सरांच्या घरचा साप हाय," भावजी म्हणाले. "लेकरागत वाढवलाय त्यांनी."

"असेल. लेकरं आजारी पडत नाहीत होय? मागच्या कांडीखोलीत ठेवू. नव्वद दिवस."

"नव्वद?" भावजींचा आवाजच चिरकला. "नव्वद दिवसांत हंगाम संपंल की! करोना गेला, पण आमच्या वैनींचं क्वारंटाइन काय जाईना बघा सर."

सर हसले नाहीत. खोका छातीशी धरून त्यांनी विचारलं, "तिथं ऊब असते का? त्याला गारठा सोसत नाही."

"हीटर लावलाय. कालच लावलाय," मी म्हणाले.

"मग ताई म्हणतात ते बरोबर आहे. तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं," सर म्हणाले. भावजींचं तोंड बघण्यासारखं झालं.

कांडीखोली म्हणजे शेडच्या मागची, अंगणापलीकडची खोली. पूर्वी तिथं बायका कांड्या, म्हणजे मागावर लावायच्या सुताच्या नळ्या, भरत बसायच्या. मी ती धुऊन, चुना मारून तयार केली होती. बुंदीचं सगळं वेगळं. पाण्याची वाटी वेगळी, चिमटा वेगळा, फडकं वेगळं, चपला वेगळ्या. आधी शेडमधल्या एकतीस जणांचं करायचं आणि सगळ्यात शेवटी पाहुण्याचं. तिथून आलं की अंगावरचं लुगडं बदलायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शेडमध्ये पाऊल घालायचं नाही. भावजी विचारायचे, "वैनी, हे सगळं कुठल्या कॉलेजात शिकलासा?" मी म्हणायचे, "शिकले कुठंतरी." त्यावर ते पुढं विचारत नसत.

मिरजेचे जनावरांचे डॉक्टर मुजावर आले. त्यांनी बुंदीचं तोंड उघडून कापसाची काडी फिरवली आणि नमुना बंगळूरला तपासायला पाठवला. भावजी म्हणाले, नुसती हौस. डॉक्टर म्हणाले, हौस नव्हे, अक्कल. दहा दिवसांनी निकाल आला, साप स्वच्छ. तरी मी दार काही उघडलं नाही. पहिल्या तपासणीत सापडत नाही असंही असतं, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

सरांचा दर रविवारी फोन यायचा. "बुंदी पाणी पितो का? उंदीर घेतला का?" मी सगळं सांगायचे. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा परदेशात. घरी दोन साप आणखी होते, पण बुंदी त्यांचा पहिला. एकदा म्हणाले, "ताई, घरात आलं की त्याच्याशीच बोलतो मी. ऐकायला कान नाहीत हे माहीत आहे, तरी बोलतो."

डिसेंबरच्या मध्यावर एका सकाळी मी कांडीखोलीत गेले, तर बुंदीच्या नाकातून शिट्टी. बारीक, सुईच्या भोकातून वारा जावा तशी. मी तशीच अंगणात येऊन भावजींना हाक मारली.

त्यांनी दारातूनच ऐकलं. "कात टाकायला आलाय वैनी. डोळे बघा की, निळसर झाल्यात. नाकात कात अडकली की शिट्टी वाजतीया."

"तसंही असेल. नसेलही."

"तुम्हाला तो आजारीच पडायला पायजे, व्हय ना?"

मी डॉक्टरांना बोलावून दुसरा नमुना पाठवला. पाच दिवसांनी बुंदीनं कात टाकली. नाकाच्या टोकापासून शेपटीपर्यंत सलग, एका पायमोज्यासारखी. शिट्टी बंद. पुढं निकालही आला, स्वच्छ. भावजींनी ती कात अंगणात दोन हातांत धरून मला पताकेगत नाचवून दाखवली.

"आता तरी सोडा वैनी! इरकल वाट बघतीया."

"नव्वद म्हणजे नव्वद."

"तुमच्यापुढं डोकं आपटून कपाळमोक्ष व्हायचा माझा."

"आपटा की. मांडणीवर नको तेवढं, साप दचकतील."

संक्रांतीच्या आधी माझ्या भाचीचं डोहाळजेवण होतं, कुरुंदवाडला. एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी दुपारी आले. शेडमध्ये शिरले आणि नेहमीप्रमाणं आधी इरकलचा ट्रे ओढला. इरकल होती जागेवर. पण तिच्या ट्रेमधला कागद बदललेला होता, आणि भावजींनी स्वतःहून कागद बदलणं म्हणजे पश्चिमेला सूर्य उगवणं.

"भावजी, काय केलंत?"

आधी आढेवेढे. मग छाती पुढं काढून म्हणाले, "तुमचा नियम मोडलेला न्हाई. पाहुणा आत येणार न्हाई म्हणालासा ना? न्हाईच आला. इरकलला तिकडं नेली. एक रात्र ठेवली, सकाळी परत आणली. जोडी लागली बघा वैनी, झकास!"

मी कपाळावर हात मारून घेतला. चाळीस वर्षांचा बाप्या, आणि अक्कल ही! मी त्यांना जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. वरच्या मजल्यावरच्या जाऊबाई खिडकीत येऊन ऐकत होत्या, आणि पहिल्यांदाच माझ्या बाजूनं हसत होत्या.

चौथ्या दिवशी इरकल मान वर करून बसली. साप असा बसला की ओळखावं, आडवं पडून त्याला श्वास घेता येत नाही. तोंड अर्धवट उघडं. जबड्याच्या कडेला बुडबुडे. मी तिला हातात घेतलं तर तिनं मनगटाला वेढाही घातला नाही.

भावजी आले, बघितलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग लगेच लाल झाला. "तुमचंच खरं झालं वैनी. त्या मास्तरानं आजारी जनावर गळ्यात मारलं आपल्या. दिसायला कसा साधा, आणि आतनं बघा! आताच फोन लावतो."

आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. एक क्षणभर का होईना, वाटलं. बघा, मी म्हणत नव्हते? दार मी उगाच अडवलं नव्हतं. डोळ्यांसमोर इरकल धापा टाकत होती आणि माझ्या मनात हे. माणसाचं मन म्हणजे काय चीज असते, देवाला ठाऊक.

"डॉक्टर येईपर्यंत कुणाला फोन करायचा नाही," मी म्हणाले. तेवढी बुद्धी मात्र शाबूत होती.

डॉक्टर मुजावर संध्याकाळी आले. इरकलला तपासलं, इंजेक्शन दिलं. मग म्हणाले, "बाकीचे दाखवा."

"बाकीचे ठणठणीत हाईत," भावजी म्हणाले.

"दाखवा तरी."

डॉक्टरांनी एकेक ट्रे ओढला, एकेकाला कानाशी धरलं. शेजारच्या शेडमधले माग चालू होते म्हणून मी जाऊन त्यांना पंधरा मिनिटं बंद ठेवायची विनंती करून आले. माग थांबले आणि शेडमध्ये अशी शांतता पडली, की मलाही ऐकू आलं. खणच्या श्वासात टिक्. नारायणपेठच्या श्वासात टिक्. मागच्या रांगेत आणखी दोघे.

"पाहुण्याकडून चार दिवसांत हे होत नाही," डॉक्टर म्हणाले. "या रोगाला आठवडे लागतात दिसायला. आणि ते बाकीचे चार तर पाहुण्याजवळ गेलेच नाहीत. वहिनी, तुम्ही पाहुण्याची दोनदा तपासणी केलीत. घरच्यांची कितीदा केलीत?"

मी इरकलचा ट्रे आत सरकवला.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"इरकलला हा आवाज कधीपासून होता?"

आता इथं मला कबूल केलंच पाहिजे. दसऱ्यापासून होता. ट्रे पुसताना, ती मनगटावर बसलेली असताना, मला ऐकू यायचा. रोज नाही, अधूनमधून. आणि मी दर वेळी स्वतःलाच सांगायचे, शेजारच्या मागांचा कापूस उडून आत येतोय, त्याची धूळ नाकात गेली असेल. परक्या सापाची शिट्टी वाजली तर मी डॉक्टर बोलावला. माझ्या लाडकीची टिक् वाजली तर मी खिडकीला पडदा लावला. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

"दसऱ्यापासून," मी म्हणाले. "मी धूळ समजत होते."

भावजींनी मान माझ्याकडं फिरवली आणि लगेच दुसरीकडं नेली.

बुंदीसकट सगळ्यांचे नमुने गेले. निकाल शुक्रवारी आला. एकतीसपैकी अकरा जणांत तो विषाणू होता. त्यातल्या निम्म्यांना अजून शिंकसुद्धा नव्हती. डॉक्टरांनी फोनवर साफ सांगितलं, "यावर औषध नाही. सोबत येणाऱ्या जंतूंवर आहे, ते देऊ. काही जगतील, पण जगलेले इतरांना देत राहतील. इथून एकही साप बाहेर जाता कामा नये. आणि त्या बेळगावच्या सापाचं... एक रात्र सोबत होता म्हणता. आज नमुना स्वच्छ आलाय, पण आता त्याचे नव्वद दिवस परत पहिल्यापासून मोजा. यावेळी तुमच्यामुळं."

शनिवारी सकाळी इरकल गेली. मी तिला जुन्या इरकली लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून परसात खोल पुरलं, वर चुना घातला. हात धुऊन आले तर भावजी ओट्यावर बसलेले.

"वैनी, उद्या मास्तर येणार हाय. बुंदीला न्यायला बोलावलंय मी."

"त्याला नेता येणार नाही. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

"ऐकलं. पण जरा माझं ऐका." त्यांनी आवाज खाली आणला. "काय सांगायची गरज न्हाई. इरकल अंड्यावर येईना, जोडी जमली न्हाई, साप घेऊन जावा म्हणायचं. आपल्याकडचे हळूहळू बरे हुतील. दिवाळीपासून नऊ पिल्लं गेलीत आपली, पाच घरात. त्यांना कळलं तर काय हुईल? परत दारात कोण उभं राहणार न्हाई. झाकली मूठ सव्वा लाखाची वैनी."

"आणि सरांच्या घरचे दोन साप?"

"त्यांना काय झालंच तर म्हणू, तुमच्याच सापानं आणलं. आमची इरकल त्यापायीच गेली म्हणू. तिकडं काय पुरावा हाय? आणि कुणी शेडमध्ये आवाज ऐकलाच तर..." ते थांबले, मग म्हणाले, "धूळ हाय म्हणायचं. कापसाची. इचलकरंजीत सगळ्यांनाच हुतीया."

त्यांना कळलं होतं का आपण काय बोललो? मला वाटतं, तोंडातून निघाल्यावर कळलं. कारण ते एकदम उठले आणि नळावर जाऊन तोंड धुवायला लागले.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली याच घरात मी सून म्हणून आले. त्याआधी आम्ही घर बघायला आलो होतो. माझे वडील, मामा आणि मी. पोह्यांच्या बश्या फिरत होत्या आणि आतल्या खोलीत कुणीतरी खोकत होतं. साधं खोकणं नव्हे, आतडी गोळा करणारं. माझ्या वडिलांचा हात बशीवर थांबला. सासूबाई म्हणाल्या, "थोरला आमचा. रात्रपाळी करतो मागावर, कापसाची धूळ बसती छातीत." माझ्या वडिलांना खरंच वाटलं. गावात शंभरातले साठ खोकायचे. मी पाणी प्यायला उठले, तर आतल्या दारात नुकतं मिसरूड फुटलेला एक पोरगा उभा होता. मला वाट अडवून म्हणाला, "धूळ हाय, वैनी." लग्न ठरायच्या आधीच वैनी म्हणाला म्हणून मला हसू आलं. मला वाटलं, किती गोड दीर मिळणार!

लग्नानंतर चार महिन्यांनी यांनीच, म्हणजे त्या खोकणाऱ्या थोरल्यानं, भावजींच्या अण्णांनी, मला सांगितलं. रडत सांगितलं. क्षय होता. हे माणूस म्हणून सोनं होते, आणि मला ते मनापासून आवडले होते, हे मी आज उघड सांगते. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळत होतं. पण ते तिथं जाऊन सगळ्यांसमोर घ्यायचं, म्हणजे गावाला कळणार. कळलं तर घराचं नाव जाणार, धाकट्याचं लग्न कसं व्हायचं? म्हणून सासूबाई लांबच्या एका डॉक्टरकडून गोळ्या आणायच्या. खोकला कमी झाला की गोळ्या बंद, वाढला की परत चालू. असं करत करत त्या गोळ्याच लागू पडेनाशा झाल्या. शेवटचे सात महिने मी मिरजेच्या दवाखान्यात यांच्या उशाशी होते. भांडी कुणाची आधी घासायची, फडकं कुठलं कुठं वापरायचं, हे मी त्या कॉलेजात शिकले.

आणि एवढं सगळं शिकून, माझ्या स्वतःच्या हातातल्या जनावराला मी दसऱ्यापासून तेच सांगत होते. धूळ आहे म्हणून.

रविवारी सकाळी सर आले. यावेळी खोका नवीन होता, आत लोकरीचा तुकडा अंथरलेला. हातात तिळगुळाची पुडी. भावजी पुढं झाले, "या सर, बसा. काय झालं, जोडी काय नीट जमली..."

"सर," मी म्हणाले, "बुंदीला आज नेता येणार नाही."

"वैनी!" भावजी दातओठ खाऊन म्हणाले.

"आमच्या शेडमध्ये रोग आहे. श्वासाचा, विषाणूचा. तुमच्या बुंदीनं आणलेला नाही, आमच्याकडंच होता. त्याच्या दोन्ही तपासण्या स्वच्छ आल्या होत्या. मी गावाला गेले तेव्हा आमच्या मादीला त्याच्याजवळ एक रात्र ठेवलं. ती काल गेली. बुंदी आज धडधाकट दिसतोय, पण त्याला लागण झाली असेल की नाही हे तीन महिन्यांशिवाय कळणार नाही. घरी नेलात तर तुमच्या बाकीच्या दोघांनाही धोका."

सर ओट्यावर बसले. पुडी त्यांच्या मांडीवरून खाली पडली ती त्यांनी उचलली नाही.

"तुम्ही तर दार अडवलं होतं, ताई," ते म्हणाले. "मला किती बरं वाटलं होतं त्या दिवशी. वाटलं, योग्य घरी दिलं."

"हो."

"तुम्हाला आधी काहीच कळलं नाही?"

इथं मला पळवाट होती. नाही कळलं, असं म्हणून सुटता आलं असतं. भावजींवर ढकलूनही मोकळी झाले असते, आणि ते खोटंही झालं नसतं. सर माझ्याकडं बघत होते.

"कळलं होतं," मी म्हणाले. "इरकलचा श्वास दसऱ्यापासून वाजत होता. मी मनाला समजावलं की धूळ आहे. तुमच्या सापाला परका म्हणून तपासलं, माझीला माझी म्हणून तपासलं नाही. चूक भावजींची आहे तशी माझीही आहे. माझी जास्त, कारण मला कळत होतं."

सर उठले. कांडीखोलीच्या दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याबाहेरूनच आत बघत उभे राहिले. बुंदी ट्रेमध्ये गुंडाळून बसला होता. त्यांनी त्याला हात लावला नाही. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तर मान हलवली. या घरचं पाणी घ्यायला त्यांचं मन झालं नाही, आणि मला त्यांचा राग आला नाही.

"रविवारी फोन करीन," गाडीत बसताना ते एवढंच म्हणाले. काच वर केली आणि गेले. नवा खोका ओट्यावरच राहिला.

गाडी वळणाआड गेली आणि भावजी माझ्यावर तुटून पडले.

"झालं समाधान? घालवलीसा घराची इज्जत! अहो, त्या मास्तराचं दहा जण ऐकतात या धंद्यात. उद्या सगळ्यांना कळंल. कशासाठी केलासा हे? अण्णांचं मनात धरून माझ्यावर सूड उगवतासा व्हय? त्या वेळी मी पोरगा हुतो वैनी. सतरा वर्षांचा. आईनं सांगितलं तसं बोललो. तुम्हाला फसवलं आम्ही, कबूल. पाया पडू काय तुमच्या?"

"मला फसवलंत त्याचं मी कधीच सोडून दिलंय," मी म्हणाले. "खरं कळलं असतं तरी मी त्यांच्याशीच लग्न केलं असतं. औषध पुरं झाल्यावर केलं असतं, एवढंच."

"मग? मग काय राग हाय तुमचा?"

माझा आवाज चढला. चढू दिला. चोवीस वर्षं मी या घरात हळू बोलत आले होते. वरची खिडकी उघडली, शेजारचे दोन मागवाले फाटकाशी येऊन उभे राहिले. राहू देत म्हटलं, ऐकू देत. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

"भावजी, सहा महिन्यांचं औषध होतं. सहा महिने! दवाखाना या गल्लीच्या टोकाला. तुमच्या घराची इज्जत त्या वेळी कुणीतरी अशीच चारचौघांत घालवली असती ना, तर तुमचा अण्णा आज जिवंत असता."

भावजी मग खाली ओट्यावर बसले आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडायला लागले. चाळीस वर्षांचा बाप्या, हुंदके देऊन. इतक्या वर्षांत अण्णांसाठी त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघत होते. मी त्यांना रडू दिलं. पाठीवरून हात वगैरे काही फिरवला नाही, माझ्या अंगात तेवढा चांगुलपणा त्या दिवशी शिल्लक नव्हता.

थोड्या वेळानं मी आतून वही आणली. पिल्लं कुणाकडं गेली, त्या पाचही घरांचे नंबर तिच्यात होते. मी पहिलं नाव काढून वही त्यांच्यापुढं धरली.

"पुण्याच्यांना लावा," मी म्हणाले. "बोलायला जमत नसेल तर माझ्याकडं द्या."

त्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, नंबर लावला. पलीकडून कुणीतरी हॅलो म्हणालं. मी फोन घ्यायला हात पुढं केला, तर भावजींनी माझा हात बाजूला सारला.

"मी इचलकरंजीहून गजेंद्र हावळ बोलतोय," ते मोठ्यानं म्हणाले, फाटकाशी उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "आमच्या घरात आजार हाय."